मशीनमधला निकेश

लोक जुनी नाणी जमवतात, तिकिटं जमवतात. सेवाग्रामच्या अश्वजितला जुन्या घरगुती कॉम्प्युटरचं वेड होतं. ऑफिसात असतात तसले नव्हेत; टीव्हीला जोडायचे, रबरी बटणांचे, कॅसेट लावून चालू करायचे, पोराच्या पाटीएवढे. कुणाच्या तरी मामानं परदेशातून हौसेनं आणलेले, दोन वर्षं खेळून माळ्यावर टाकलेले. दिवसा तो दवाखान्यातली ईसीजीची मशीनं दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी घरी ही मढी उठवत बसायचा. ‘मढी’ हा शब्द त्याच्या बायकोचा, पौर्णिमाचा. स्वयंपाकघराच्या फळीवरचे डबे हटवून तिथं तिसरा कॉम्प्युटर आला, त्या दिवशी तिनं तो वापरला होता, आणि तिचं काही चुकलं होतं असं म्हणवत नाही.

पण अश्वजितचा एक नियम होता. तुटलेलं बदलायचं, आत कुणी लिहून ठेवलं असेल त्याला मात्र हात लावायचा नाही. एखाद्या पोरानं चुकीचं गणित घालून ठेवलं असेल तर ते चुकीचंच राहू द्यायचं. ह्या नियमाचा त्याला जरा गर्वच होता.

२००४ च्या उन्हाळ्यात कारंजा घाडगेच्या मंदाबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दवाखान्यात आल्या. नवरा सदाशिवराव वारलेला, हायवेवरचं टायरचं दुकान विकलेलं, घरात एकट्याच. डोळ्यावरची पट्टी निघाली तशी वॉर्डातल्या नर्सकडून त्याच्या ह्या वेडाचं ऐकून, विचारत विचारत त्या थेट अश्वजितच्या टेबलापाशी आल्या.

“डोळे तर आले भाऊ,” त्या म्हणाल्या. “आता माह्यं मशीन सुरू करून दे. त्यात माहा निकेश हाय.”

निकेश हा त्यांचा एकुलता एक मुलगा. लंडनच्या मामानं त्याला कॉम्प्युटर दिला होता आणि दहावीत असताना पोरानं स्वतः त्याच्यासाठी एक खेळ लिहिला होता. आपण घरातलं कुणीतरी मनात धरायचं. मशीन प्रश्न विचारणार, आपण हो किंवा नाही म्हणायचं आणि शेवटी मशीन नाव सांगणार. चुकलं तर ते विचारायचं, कोण होतं ते सांगा आणि त्याला ओळखायचा एक प्रश्न शिकवा. असं शिकत शिकत त्या मशीनला अख्खं घर माहीत झालं होतं. फक्त निकेशनं स्वतःला त्यात घातलं नव्हतं. मग १९९० साली एक दिवस तो आईला म्हणाला, “आई, आज मी मले बी टाकलं त्यात.” दुसऱ्या दिवशी दुपारी तो हायवेकडे गेला, जिथं ट्रक थांबतात तिकडे, आणि परत आला नाही. नागपूर झालं, अमरावती झाली, पोलीस झाले. मशीन चालवता येणारं घरात दुसरं कुणी नव्हतंच.

“एकडाव त्याचं नाव टीव्हीवर दाखव,” मंदाबाई म्हणाल्या. “मंग मशीन तूच घेऊन जा. मले फक्त एवढं पाह्याचं हाय, का तो त्यात हाय.”

तपासणीच्या पुढच्या खेपेला त्यांनी आणून दिलेल्या मशीनचा मूळ खोका शाबूत होता, थर्माकोलसकट. अश्वजितच्या तोंडाला पाणी सुटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

बटणांखालची पट्टी वाळून चिरली होती, ती त्यानं बदलली. दोन कपॅसिटर फुगले होते, तेही बदलले. कॅसेटच्या फितीला बुरशी होती. कापसाच्या बोळ्यानं पुसत पुसत ती साफ केली. मग रजा टाकून तो एसटीनं कारंज्याला गेला.

मे महिन्यातली भर दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मंदाबाईंच्या बैठकीत टीव्ही होता, आणि टीव्हीशेजारच्या स्टुलावर एक वाढलेलं ताट झाकून ठेवलेलं होतं.

“हे कोणाचं, काकू?”

“निकेशचं. येते ना तो शाळेतून ह्या टाइमाले.”

 अश्वजितनं वायर जोडली आणि कॅसेट लावली. मशीन किंचाळायला लागलं, तसं कॅसेट वाचताना ते नेहमीच किंचाळतं, पण त्या रिकाम्या घरात तो आवाज त्याला सोसवेना. पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे धावले, थांबले, आणि रोमन अक्षरांत मराठी उमटली: ‘माणूस मनात धरा’.

निकेशनं शिकवलेली ती अक्षरं जुळवत मंदाबाईंनी आधी सासूबाई धरल्या. ‘बाई आहे का?’ मशीननं विचारलं. ‘पहाटे खोकते का?’

“हाव, खोकते,” मंदाबाई म्हणाल्या आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं: ‘आजी’.

आजीला जाऊन बारा वर्षं झाली होती. पण मशीनला ते कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी कुत्रा धरला, तर ‘जिन्याखाली झोपतो का?’ असं त्यानं विचारलं, आणि ‘मोती’ असं नाव सांगितलं. अश्वजितची नजर नकळत जिन्याखाली गेली. तिथं कुत्रं नव्हतं, एक जुनं पोतं होतं. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटायला लागली होती. त्या घरातली गेलेली माणसं एकेक करून हाक मारल्यासारखी येत होती, आणि मंदाबाई प्रत्येकाला मान हलवून जागा देत होत्या.

“आता माहा निकेश,” त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसून पुढं सरकल्या.

‘बाई आहे का?’ नाही. ‘चार पाय आहेत का?’ नाही. ‘झोपेत घोरतो का?’ नाही. मग मशीननं विचारलं: ‘घरी परत येणार आहे का?’

“हा काय प्रश्न झाला? येनच ना,” मंदाबाई म्हणाल्या आणि हो दाबलं.

‘बाबा’, मशीन म्हणालं.

त्यांनी पुन्हा खेळून पाहिलं, पुन्हा ‘बाबा’च आलं.  मंदाबाई हळूच म्हणाल्या, “मशीनले बी तो आठवत नाई, भाऊ.”

मशीन आणि कॅसेट घेऊन अश्वजित घरी आला. खेळ मध्येच थांबवून त्यानं आत काय काय साठवलंय ते पडद्यावर काढलं. निकेश आत होता. त्या शेवटच्या दिवशी पोरानं स्वतःला मनात धरलं असणार, मशीननं चुकून ‘बाबा’ म्हटलं असणार, आणि दोघांतला फरक शिकव म्हटल्यावर त्यानं तो प्रश्न शिकवला होता. हो म्हटलं तर बाबा. नाही म्हटलं तर निकेश.

म्हणजे पोराला आधीच ठाऊक होतं. आणि आईला त्याचं नाव तेव्हाच दिसणार होतं, जेव्हा ती स्वतःच्या बोटानं सांगेल की तो परत येणार नाही. 

पौर्णिमानं सगळं ऐकून घेतलं. “जसं हाय तसं सांगून द्या तिले,” ती म्हणाली.

“कसं सांगू? चौदा वर्षं ताट वाढून राह्यली ते बाई.”

“मंग मशीन वापस द्या अन् हात जोडा. पन तुमाले तो खोका पाह्यजे.”

तो चिडला, कारण ते खरं होतं. त्यानं नवीन कॅसेट घेतली, खेळाची नक्कल केली आणि नकलेत दोन नावांची अदलाबदल केली. आता हो म्हटलं की निकेश, नाही म्हटलं की बाबा. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आतल्याला हात लावला होता. म्हातारीला बरं वाटेल, असं त्यानं स्वतःला बजावलं, आणि मूळ कॅसेट फळीवर मागं सरकवून ठेवली.

पुढच्या रजेला तो पुन्हा कारंज्याला गेला. तीच भर दुपार, स्टुलावर तेच झाकलेलं ताट. “आतल्या वायरीत बिघाड होता, काढला,” तो म्हणाला. मंदाबाईंनी फक्त मान हलवली. त्या दिवशी त्यांनी सासूला धरलं नाही की कुत्र्याला धरलं नाही. थेट निकेशलाच धरलं.

बाई नाही. चार पाय नाहीत. घोरत नाही. ‘घरी परत येणार आहे का?’

आता दाबा हो, अश्वजित मनात म्हणाला.

मंदाबाईंचं बोट बटणावर आलं आणि थांबलं. “रोज विचार करून राह्यली, भाऊ,” त्या म्हणाल्या. “हो म्हणून म्हणून इतके वर्षं गेले. तो प्रश्न माह्यासाठीच हाय. आज नाई म्हणून पाह्यतो. नाव तरी दिसन माह्या लेकराचं.”

“काकू, थांबा—”

त्यांनी नाही दाबलं.

पडदा क्षणभर काळा झाला आणि मग आलं: ‘बाबा’.

मंदाबाईंनी ते नव्या डोळ्यांनी नीट वाचलं. त्या रडल्या नाहीत. “बाबापाशी गेला म्हणा,” त्या म्हणाल्या. “बरं केलं, सांगून दिलं मशीननं.”

 मशीन नाही काकू, मी सांगितलं, मी बदललं, एवढंच अश्वजितला म्हणायचं होतं. पण म्हणायचं तर मग पोरानं स्वतःच ‘नाही’ शिकवलं होतं, हेही सांगावं लागलं असतं. तो बोलेपर्यंत मंदाबाई ताट उचलून परसात गेल्या होत्या. विहिरीच्या कठड्याशेजारी एका फरशीवर पाणी शिंपडून त्यांनी ते ठेवलं, झाकण काढलं, हात जोडले आणि हाक मारली: “काव, काव.” गेलेल्या माणसाचं पान वाढतात तसं त्यांनी ते वाढलं होतं.

अश्वजित बौद्ध घरात वाढलेला. कावळा शिवला काय अन् न शिवला काय, असल्या गोष्टींना त्याच्या वडिलांनी घरात थारा दिला नव्हता. तरी तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. शिवू नको, शिवू नको, असं तो मनात घोकत होता. कावळा शिवला असता तर अश्वजितनंच एका पोराला आपल्या हातानं मारलं असं झालं असतं.

एक कावळा भिंतीवर येऊन बसला. मग दुसरा आला, मग कितीतरी. अशा उन्हात एवढे कावळे कुठून आले, कळेना. एकानंही तोंड उघडलं नाही. ताटात वरण-भात होता, पोळी होती, वर तूप होतं, आणि एकही कावळा खाली उतरेना.

दोघं वाट बघत राहिले. अश्वजितच्या शर्टाची पाठ भिजून गेली. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की कावळे ताटाकडे बघतच नव्हते. भिंतीवर बसून सगळे एकाच दिशेला, हायवेकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत होते.

मंदाबाईंच्याही ते लक्षात आलं. त्यांचा चेहरा असा उजळला की अश्वजितला तो बघवेना.

“नाई शिवत,” त्या म्हणाल्या. “जितं हाय माह्यं लेकरू.” त्यांनी ताट उचललं, पदरानं त्याची कड पुसली आणि पुन्हा झाकण घातलं. “मशीन घेऊन जा, भाऊ. खोटं बोलते ते. मले नाई पाह्यजे घरात.”

“काकू, मशीनची चूक नाही, मी—”

“तुह्यी काय चूक? तू त मेहनत केली. ने तू. अन् येजो मंग कधी, निकेश आला का.”

त्यांनी स्वतःच्या हातानं थर्माकोल नीट बसवून खोका त्याच्या हातात दिला. हवा तोच, तसाच, एक कोपरासुद्धा न दुमडलेला. तो घेऊन अश्वजित बाहेर आला. मागं स्टुलावर ताट ठेवल्याचा आवाज आला.

स्टँडचा रस्ता हायवेकडेच जात होता. कावळे अजून भिंतीवर तसेच होते. समोरून, उन्हात, कुणीतरी चालत येत असावं असं त्याला वाटलं. त्यानं खोका छातीशी घट्ट धरला आणि मान वर न करता चालत राहिला.