सान्वीच्या चित्राखालची चिठ्ठी

मित्रांनो, टेकायचं तर जरा बेताने टेका. मी जुना सॉफ्टबोर्ड आहे आणि माझा डावा पाय लुळा आहे. विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या एका कारखान्यात धोंडिबा सुताराने मला घडवलं. लाकडी चौकट, आत मऊ फळी, वर हिरवं कापड आणि उभं राहायला दोन पाय. टेम्पोतून डोंबिवलीच्या या शाळेत उतरलो तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले होते, "वा, काय देखणा आहे!" खोटं कशाला सांगू, मी चांगलाच फुगलो होतो.

मग वर्षानुवर्षं काम केलं. सुविचार, वेळापत्रकं, स्नेहसंमेलनाचे फोटो, सगळं माझ्याच अंगावर. टाचण्यांनी माझी पार चाळण झाली. पण टाचणीचं मला कधी दुःख नव्हतं हो! टाचणी टोचली की समजायचं, आता कुणीतरी बघायला येणार. पुढे भिंतीवर मोठा स्क्रीन आला आणि माझी रवानगी झाली जिन्याखाली. तिथे दिवसभर एकच वाटायचं, कुणीतरी एखादा कागद लावावा आणि माझ्यासमोर उभं राहावं. इतकं वाटायचं की काय सांगू!

गेल्या डिसेंबरात शाळेत चित्रप्रदर्शन ठरलं. आवडीची कविता निवडायची आणि तिच्यावरून चित्र काढायचं. बोर्ड कमी पडले म्हणून शिपाई बाबुरावांनी मला बाहेर ओढलं. माझ्या वाट्याला आठवीतल्या सान्वीचं चित्र आलं.

सान्वी राहायला जवळच्या दिवा गावात, नळाला पाणी नसलेल्या वस्तीत. तिच्या चित्रात गच्चीवर रिकामे हंडे रांगेत ठेवले होते आणि प्रत्येक हंड्यात निळं आभाळ होतं. खाली कविता होती:

नळ कोरडा, हंडा कोरडा,
वाकून बघते तर काय,
आभाळ भरलंय काठोकाठ,
एकटीला कसं सरेल, माय?

ही कविता कुठल्याच पुस्तकातली नव्हती. पाण्याची वाट बघत बसलेली असताना सान्वीच्या आईने ती सहज म्हटली होती, आणि लेकीने पाठ करून टाकली. चित्रामागे तिने पेन्सिलीने लिहिलं, 'कवी : आई'. चित्रकलेच्या देवयानी बाईंना वाटलं, पोरीने आईकडून ऐकली असेल, कवी ठाऊक नसेल. त्यांनी सगळ्या चित्रांसाठी चिठ्ठ्या छापल्या आणि हिच्या चिठ्ठीवर छापलं, 'कवी : अज्ञात'.

शनिवारी सकाळी सान्वीने चिठ्ठी वाचली आणि तिचा चेहराच पडला.

"मॅडम, हे चुकलंय! ही माझ्या आईची कविता आहे. ती आज बघायला येणारे. मी तिला सांगून ठेवलंय, तुझं नाव लागलंय म्हणून!"

"अगं, परीक्षक दारात आलेत. चिठ्ठ्यांना आता हात लावू नकोस. नंतर बघू हं," असं म्हणत बाई पळाल्या आणि नंतर गडबडीत विसरून गेल्या.

सान्वी काही माझ्याजवळून हलेना. आई यावी म्हणून दाराकडे बघायची, आणि आली तर काय, म्हणून परत चिठ्ठीकडे. पोरीची घालमेल मला बघवेना. वाटायचं, ती टाचणी आपणच सोडून द्यावी. पण मला कुठले हात! दुपार झाली, बक्षिसं जाहीर झाली. सान्वीला काही मिळालं नाही, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

प्रदर्शन बंद व्हायच्या वेळी तिची आई धापा टाकत आली. साडीचा काठ ओला होता.

"टँकर आत्ता आलेला गं. हंडे भरले आणि तशीच निघाले."

ती माझ्यासमोर उभी राहिली. चित्र पाहून हसली. एकेका ओळीवर बोट ठेवत खाली आली आणि 'अज्ञात'वर तिचं बोट थांबलं. सान्वीला रडूच फुटलं.

"आई, मी लिहिलेलं गं, तुझी आहे म्हणून! शप्पथ!"

"रडतेस काय, वेडे? बरोबरच लिहिलंय. मला कोण ओळखतं इथे?"

हसून म्हणाली खरी, पण तिची नजर चिठ्ठीवरून हटेना. मित्रांनो, मला तेव्हा जेवढं वाईट वाटलं, तेवढं जिन्याखालीही कधी वाटलं नव्हतं.

देवयानी बाईंनी हे ऐकलं. त्या पेन घेऊन पुढे आल्या. "चूक माझी आहे. नाव सांगा तुमचं."

"सान्वीची आई."

"ते झालं हो. तुमचं स्वतःचं?"

तिने पदर सारखा केला. मग हळूच म्हणाली, "मेघना."

बाईंनी पेन तिच्याच हातात दिलं. तिने 'अज्ञात' खोडलं आणि शेजारी वाकड्यातिकड्या अक्षरात आपलं नाव लिहिलं. तोवर हॉल रिकामा झाला होता. बाबुराव टाचण्या काढायला आले.

"भाऊ, जरा थांबाल?" मेघनाताई त्यांना म्हणाली. मग लेकीकडे वळली. "मोठ्याने वाच ना गं एकदा. खालच्या नावासकट."

सान्वीने वाचली.

"परत वाच," आई म्हणाली.

मी आता पुन्हा जिन्याखाली आहे. माझी धूळ झटका न झटका, तुमची मर्जी. पण कुणाचे शब्द भिंतीवर लावाल, तेव्हा ते कुणाचे आहेत हे आधी नीट विचारा. आणि ते माणूस येऊन डोळे भरून बघेपर्यंत, मित्रांनो, टाचणी काढू नका.