हलू नका, काका

घड्याळजींची हनुवटी यंत्राच्या वाटीत आणि कपाळ वरच्या पट्टीला टेकलेलं. समोर लाल ठिपका. खोलीत मिट्ट अंधार, आणि मागच्या स्टुलावर त्यांची पंधरा वर्षांची लेक, मोबाइलवर बोटं बडवत.

"काका, हलू नका," तपासणाऱ्या ताई म्हणाल्या. त्यांनी तिसऱ्यांदा मोजलं होतं. "यंत्र म्हणतंय, मोतीबिंदू काढून डोळ्यात एकोणीस नंबरची लेन्स बसवायची. पण तुमच्या डोळ्याची पुढची काच फारच सपाट आहे. कधी लेझर केलंय का? चष्मा घालवायला?"

"छे," घड्याळजी म्हणाले.

मागे लेक खुदकन हसली. "अहो ताई, बाबांचा चष्मा व्यायामाने गेलाय. डोळे गोल गोल फिरवून, आणि गाजराचा रस पिऊन. अख्ख्या बाजाराला माहीत आहे."

माहीत होतंच. घड्याळजींनीच सांगितलं होतं. लग्नाआधी एका दुपारी ते दूरच्या शहरात जाऊन गुपचूप लेझर करून आले होते. जो माणूस 'हाताने होतंय तिथे यंत्र कशाला' म्हणत गिऱ्हाइकांना ऐकवायचा, त्याने हे कबूल कसं करावं? म्हणून व्यायामाची थाप मारली. थाप इतकी चालली, की दुकानात लोक घड्याळाऐवजी डोळे दाखवायला येऊ लागले. आणि लेकीला चष्मा लागला तेव्हा माघार घ्यायची सोयच उरली नव्हती. सहा वर्षं ती रोज सकाळी नाक मुरडत रस पीत होती. नंबर तीनवरून साडेपाचवर गेला होता.

"नक्की ना?" ताईंनी विचारलं. "कारण लेझर झालेलं असलं की हा नेहमीचा हिशेब चुकतो. एकोणीसची लेन्स कमी पडेल. लांबचं धूसर, आणि जवळचं तर त्याहून वाईट."

जवळचं. म्हणजे केसाएवढी स्प्रिंग, मोहरीएवढा स्क्रू. घड्याळजींचं पोट त्यावरच होतं. मान वळवून लेकीकडे बघावं म्हटलं तर पट्टी सोडत नव्हती. डोळे मिटावे तर ताई म्हणत, "उघडे ठेवा." ठिपका तेवढा टक लावून बघत होता.

"मग लिहू एकोणीस?"

पेन कागदाला लागल्याचा आवाज आला.

"थांबा," घड्याळजी वाटीतल्या वाटीत पुटपुटले. "केलंय. लेझर. दोन्ही डोळ्यांना."

मागे बोटं थांबली.

ताईंनी नुसतं "बरं" म्हटलं आणि एकोणीसवर काट मारली. "दुसऱ्या पद्धतींनी वीस ते साडेएकवीस येईल. नेमकं कुठे थांबायचं ते डॉक्टर ठरवतील. लेझरच्या आधीचा नंबर मिळाला, तर अंदाज पक्का होतो. कागद आहेत?"

"तो दवाखानाच बंद पडला."

मग लेकीचा आवाज आला, अगदी सपाट. "माळ्यावर एक जुना जाड चष्मा आहे. मी शाळेच्या नाटकात म्हातारा झाले तेव्हा घातला होता. बाबा मला म्हणाले, कुणीतरी दुकानात विसरून गेलं."

"माझाच तो," घड्याळजी म्हणाले.

"चालेल," ताई म्हणाल्या. "काचा यंत्रात ठेवल्या की नंबर कळतो. पण आत्ताच हवा."

स्टूल सरकलं. "आणते. पण ताई, लेझर करायला वय किती लागतं?"

"निदान अठरा. आणि नंबर थांबलेला हवा."

"म्हणजे अजून तीन वर्षं," लेक म्हणाली. बाबांना नाही, ताईंना. "तोवर मला रस नको, असं घरी कुणाला तरी सांगा."

दार उघडलं, बंद झालं.

"बेटा, ऐक तरी," घड्याळजी वळायला गेले.

"हलू नका, काका," ताई म्हणाल्या. "डावा डोळा राहिलाय."