समजूत घालायला आलेला माणूस

मच्छिंद्रने आपल्या गुऱ्हाळातल्या गरम गुळाचा गोळा केळीच्या पानावर घेतला आणि महबूबमामांच्या हातावर ठेवला. भांडगावात गुऱ्हाळावर आलेला माणूस, मग तो वाटसरू का असेना, गूळ खाल्ल्याशिवाय परत जात नाही. मामांनी बोटभर तोडून तोंडात टाकला.

"कशापायी बोलावलंस रं?"

"त्यो अनिस, यूपीचा गडी. चुलवाणात जाळ घालायला ठिवलाय. परवा पळाला, दौंड टेशनात धरून आनला. तवापासनं अन्नाला शिवत न्हाई. तुमच्यातलाच हाय मामा, तुमचं ऐकंल. आन् तुम्ही तर कैद भोगल्यालं फौजी."

"कोंडलायस त्येला?"

"आता शिझनला गडी कुठनं आनू? उगं कुलूप घातलंय. मी काय त्येला मारतोय व्हय?"

मामांना ते पटलं. मागे त्यांच्या छातीत कळ आली तेव्हा याच मच्छिंद्रने जीप काढून त्यांना दौंडच्या दवाखान्यात नेलं होतं आणि उजाडेपर्यंत बाकड्यावर बसून राहिला होता.

पत्र्याच्या खोलीचं कुलूप निघालं. गोणपाटावर एक बाप्या गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. घोट्यावर दोरीचा काच. मानेखाली उसाने मारल्याचे वळ, काळेनिळे. मामांनी वळून पाहिलं.

"त्ये कढईवरल्या गुळव्याचं काम," मच्छिंद्र खाली बघत म्हणाला. "मी नव्हतो हितं."

मामा हळूच टेकले. पिठलं-भाकरीची थाळी त्यांनी पुढे सरकवली.

"खा ले, बेटा. मैं तो अपना ही आदमी हूँ."

बोलून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, हे शब्द त्यांचे नव्हते.

एकाहत्तरच्या लढाईत मामा सीमेपलीकडे पकडले गेले होते. ऐन थंडीत उघड्या अंगावर पाणी ओतायचे, मग पट्ट्याने झोडायचे. रोटीचा तुकडा बाहीत लपवून, रात्रभर चोखत मामा जगले. शिरूरला सत्कार झाला तेव्हा त्यांनी हे सगळं सांगितलं होतं. पण एक गोष्ट सांगितली नव्हती: मारून झाल्यावर कोठडीत एक म्हातारा येई. पांढरी दाढी, धुतलेले कपडे. त्याने कधी हात उगारला नाही. थाळी पुढे सरकवून तो मायेने म्हणे, तू तो अपना ही है, खा ले. मारणाऱ्यांचे चेहरे मामा केव्हाच विसरले. हा चेहरा तेवढा राहिला.

अनिसने मान वर केली.

"चाचा, आपको किसने भेजा?"

मामांनी दाराकडे पाहिलं. इथे लढाई नव्हती. दारात उभा असलेला माणूस दुश्मन नव्हता, त्याचं मीठ त्यांनी कितीदा खाल्लं होतं. आताही जिभेवर त्याचाच गूळ होता. कुणाच्या जागी बसलोय आपण? त्यांनी आपल्या पांढऱ्या दाढीवरून हात फिरवला आणि तो हात तसाच हवेत राहिला.

"मच्छिंद्र."

"बोला मामा. खातोय का?"

"कुलूप लाव."

"आँ?"

"मी हितंच बसतो. भायेरनं लाव."

मच्छिंद्र हसला. "मामा, चेष्टा करताय व्हय म्हाताऱ्या माणसानं? मेहरुनमामी माझी चामडी सोलंल. गाव काय म्हनंल, फौजीला कोंडला म्हनून?"

"लाव म्हनतो न्हवं."

आपण असं का म्हणालो, ते मामांनाही नीट कळलं नव्हतं. मच्छिंद्र खरंच लावील की काय, अशी बारीक भीतीही वाटत होती. पण ते उठले नाहीत.

मच्छिंद्रचं हसू विरलं. कुलूप हातात घेऊन तो उंबऱ्यावर उभा राहिला. ते त्याला लावताही येईना आणि खिशात टाकताही येईना.

अनिसने दोघांकडे पाहिलं. मग तो थोडा बाजूला सरकला आणि अंगाखालचं गोणपाट ओढून त्याने मामांपुरती जागा केली.