बारा बदकं आणि शिशाच्या पट्ट्या

वायकाटोतल्या आमच्या तळ्यावर खऱ्या बदकांना भुलवायला सोडलेली माझी प्लास्टिकची बदकं प्यायल्यासारखी कुशीवर कलंडायची. खरी बदकं वरूनच माघारी फिरायची. यंदा शिकारीच्या हंगामाआधी आठवडाभर मी एकेक बदक न्हाणीघरातल्या टबात तरंगवलं आणि ते कलेल त्याच्या उलट बाजूला, पोटाखाली, शिशाची पट्टी चिकटवली.

"मी काय तळ्यावर जाऊ अंघोळीला?" बायको, नोलीन, रोज विचारायची.

मेच्या पहिल्या शनिवारी हंगाम उघडला आणि तळ्यावर बाराही बदकं ताठ तरंगली. थोड्या वेळानं सात खरी बदकं येऊन त्यांच्यातच बसली.

शेजारी दबा धरलेला मेहुणा क्लाइव्ह कुजबुजला, "मारा की दाजी. कशाची वाट बघताय?"

मी बंदूक खाली ठेवली. "गप बस. माझ्या बदकांना छर्रे लागतील."