घोड्याची बंदूक

"हं, तूच निवड. ज्याच्या हातात ऱ्हायची त्यानंच निवडावी," असं म्हणून दत्तराव दुकानातल्या एकुलत्या एका खुर्चीत ऐसपैस बसले.

समोर तरटावर तीन जुन्या बंदुका आडव्या पडल्या होत्या. आश्रुबा त्यांच्यापुढे उभा होता. त्याच्या खांद्यावरचं घोंगडं उजव्या हाताच्या पार खाली लोंबत होतं. परभणीच्या बाजारात त्या दुपारी कडक ऊन होतं, घोंगडं पांघरायचे ते दिवस नव्हते. पण मालकासमोर आश्रुबाने ते कधी काढलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"बघा, बघा," दुकानदार बन्सीधर म्हणाला. "असा माल फिरून गावायचा न्हाई, मालक. निजाम गेला, जहागिऱ्या गेल्या. ज्या बंदुकांना भिंतीवर हात लावायची कुणाची छाती नव्हती, त्या आता माझ्या तरटावर येऊन पडल्यात."

दत्तरावांना परवाना मिळाला होता तो रानडुकरांच्या नावावर. गंगाखेडच्या पुढे, गोदावरीच्या काठाला त्यांचा ऊस आणि जोंधळा होता आणि डुकरं त्याची नासाडी करायची, हे खोटं नव्हतं. परवाना आला त्या दिवशी दत्तराव भर पारावर म्हणाले होते, "राखणीला आश्रुबा. मी शब्द दिलाय त्याला." तेव्हापासून आश्रुबा जरा ताठ चालायला लागला होता. राखणदाराला सालाचे दाणे मिळतात, शेतात उंच माळ्यावर बसायला मिळतं, आणि मुख्य म्हणजे येता-जाता कुणी त्याला बिचारा म्हणत नाही.

आता ती बंदूक निवडायची वेळ आली होती.

तीनपैकी एकीच्या दस्त्याला तडा जाऊन पितळी तार गुंडाळलेली होती. तिच्याकडे दत्तरावांनी पाहिलंही नाही. दुसरी लांब नळ्यांची, साधी, तिचे घोडे पोटात लपलेले. सांध्यात मोडून काडतूस घालायचं, मिटायची आणि चाप ओढायचा. तिसरी आखूड आणि जाड. तिच्याही नळ्या दोन, पण पाठीवर दोन घोडे उघडे उभे होते, चिडक्या जनावराने कान मागे टाकावेत तसे. प्रत्येक बारापूर्वी ते मागे ओढून चढवावे लागत.

आश्रुबाने डाव्या हाताने लांब बंदुकीकडे बोट केलं. "ही बरी दिसायलीय, मालक."

"कामून?"

"सुदी हाय. नुस्ता चाप वढला की झालं."

"नुस्तं दांडकं दिसायलंय ते," दत्तराव म्हणाले. "ती आखूड दाव रं, बन्सीधर."

बन्सीधरची कळी खुलली. "मालकाला नजर हाय. ही जहागीरदाराच्या शिग्रामातली. गाडीवानाच्या बाजूला शिपाई बसायचा ना, त्याच्या मांडीवर असायची. आखूड हाय म्हणून गाडीत आडत न्हाई. आन् हे ऐका." त्याने एक घोडा चढवला, मग दुसरा. टक. टक. "नुस्त्या ह्या आवाजानं माणूस जागच्या जागी थंड होतोय. काडतूस खर्चच होत न्हाई."

दत्तरावांनी बंदूक हातात घेतली. बाजारात बैल घेताना ते जे करत तेच त्यांनी केलं. थोपटली, हलवली, सांधा खिळखिळा आहे का बघितला, मग मोडून नळ्यांतून रस्त्याकडे डोळा लावला. समोर एक बाई पेरू विकत बसली होती. दत्तरावांनी तिला आधी एका नळीतून पाहिलं, मग दुसरीतून, आणि खुशीत हसले. "गंज न्हाई. आरशावानी हाय."

"पर मालक," आश्रुबा म्हणाला, "डुकरं तर रातचीच येत्यात. आंधारात त्येंला घोडे कुठं दिसायलेत?"

"आरं, डुकरं कारण हाय!" दत्तराव बन्सीधरकडे बघून डोळा मिचकावत म्हणाले. "कूळकायदा आल्यापून माणसंच लय माजल्यात. बांधावरनं जाताना घोडा चढलेला दिसला पाहिजे त्येंला. काय व्यंकटी?"

दाराशी उकिडवा बसलेला व्यंकटी नुसता हसला. तो दत्तरावांचा गाडीवान, आश्रुबाच्या शेजारचाच. त्याला आश्रुबा लांब बंदुकीवर का अडून बसला आहे ते ठाऊक होतं. ते गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी दत्तरावांच्या गुऱ्हाळात, उसाच्या कांड्या सारताना, चरकाने आश्रुबाचा उजवा अंगठा मुळापासून नेला. रस लाल झाला. कढई ओतून द्यायची का, असं गुळव्याने विचारलं तेव्हा दत्तराव म्हणाले होते, "एका आंगठ्यापायी कढई ओतत्यात व्हय? उकळलं की समदं सुद्द." त्या कढईचा गूळ गंगाखेडच्या बाजारात चांगल्या भावाने गेला. आश्रुबाकडे त्यांनी वाटीभर तूप धाडलं आणि उपाशी मरू देणार नाही असा शब्द दिला. त्यानंतर त्या दोघांत अंगठ्याचं नाव कधी निघालं नाही. आश्रुबाने काढलं असतं तर ती तक्रार झाली असती, आणि तक्रार करणाऱ्याला राखण कोण देतो?

अंगठा गेल्यावर माणसाच्या हातून काय काय जातं ते आश्रुबाला रोज नव्याने कळत होतं. विळा गेला, कुऱ्हाड गेली, धोतराची गाठ गेली. भाकरी मोडणंसुद्धा गेलं. केशरबाई, त्याची बायको, चुलीपाशीच भाकरी मोडून बारीक तुकडे त्याच्या ताटात टाकायची आणि त्याबद्दल एक अक्षर बोलायची नाही. आज सकाळी तिने फडक्यात भाकरी बांधली तीही मोडूनच. परगावात चार माणसांत त्याची फजिती नको.

"धर," दत्तराव म्हणाले. "खांद्याला लाव. घोडे चढव बघू. तुझ्या हाताला कशी बसती ते तरी बघू दे."

आश्रुबाने बंदूक घेतली. घोंगडं खांद्यावरून घसरलं आणि तरटावर पडलं. उचलायला हात मोकळा नव्हता. त्याने दस्ता पोटाशी दाबला, नळ्या उजव्या कोपरात आवळल्या आणि डाव्या तळव्याने पहिला घोडा मागे रेटला. तळवा निसटला. दुसऱ्यांदा रेटला तेव्हा तो चढला. टक. दुसऱ्याला त्याने ओठ घट्ट मिटून सगळा जोर लावला. तळव्याची कातडी सोलवटली पण घोडा चढला. टक. त्याने मान वर केली. त्याच्या तोंडावर अगदी लहान मुलासारखा आनंद होता.

"जमतंय, मालक."

"आसं पोट धरून? बाळंतीण बसल्यावानी?" बन्सीधर फिदीफिदी हसला. रस्त्यावरचे दोघे-तिघे दारात येऊन उभे राहिले.

"बरं, उतरव आता," दत्तराव म्हणाले.

घोडा चढवायला नुसता जोर पुरतो. उतरवायला मात्र एका बोटाने चाप दाबायचा आणि अंगठ्याने घोडा धरून हळूहळू खाली सोडायचा असतो, नाहीतर तो आदळतो आणि भरलेली बंदूक उडते. आश्रुबाने उजव्या हाताचं बोट चापाला लावलं. डावा अंगठा घोड्यावर ठेवावा तर बंदूक निसटत होती. बंदूक धरावी तर घोडा धरायला काही उरत नव्हतं. तो तसाच उभा राहिला, दोन्ही घोडे चढलेली बंदूक पोटाशी धरून, आणि त्याच्या कपाळावरून घाम टपटपा गळायला लागला. दारातलं कुणीतरी म्हणालं, "येसकराला काठीच्या जागी बंदूक दिली का काय?" आणि सगळे खो-खो हसले.

दत्तराव वाकून त्याच्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी आपल्या कपाळावर हात मारला.

"आरं तिच्या! तुला आंगठा न्हाई की रं! माझ्या ध्यानातच न्हाई ऱ्हायलं बघ." तेही हसले, मोकळेपणाने, पोट हलेपर्यंत. "मंग आदीच बोलायचं न्हाई का, येड्या?"

ते खरंच विसरले होते. मुद्दाम केलं असतं तर आश्रुबाला निदान मनातल्या मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या. तीन वर्षं जी गोष्ट तो त्यांच्यापासून लपवत होता, जिच्यासाठी त्याने भर उन्हात घोंगडं वागवलं, ती त्यांना आठवतसुद्धा नव्हती.

"व्यंकटी, घे रं त्याच्या हातातली."

व्यंकटी उठला. त्याने बंदूक घेतली, एका घोड्यावर अंगठा ठेवला, सावकाश खाली सोडला. मग दुसरा. आवाजसुद्धा झाला नाही.

"बघा," बन्सीधर म्हणाला, "ह्याच्या हाताला कशी बसली!"

तेव्हा आश्रुबा बोलला. आयुष्यात एकदाच मालकाला उलटून बोलला म्हणा. "मालक, ती लांबवाली घेतली तर मला जमतंय. चाप बोटानंच वढायचा आसतोय. बोटं हायत मला. चारी हायत."

"आता तुझ्या आंगठ्यापायी मी बंदूक बदलू व्हय?" दत्तराव रागावले नव्हते, त्यांना फक्त नवल वाटलं होतं. "तुझं बी बघू की कायतरी. पाखरं राखायला बस. गोफण हाय न्हवं?"

गोफणीचा एक पदर बोटात अडकवायचा आणि दुसरा अंगठ्यात धरून ऐनवेळी सोडायचा असतो. दत्तरावांनी जन्मात गोफण फिरवली नव्हती. आश्रुबाने वाकून घोंगडं उचललं.

व्यवहार झाला. स्टेशनकडे जाताना व्यंकटी हळूच म्हणाला, "दादा, म्या काय मागितली न्हाई. पर मालकाला न्हाई कसं म्हणू? लेकरं हायत."

"तुझा काय गुन्हा," आश्रुबा म्हणाला.

गाडीत दत्तरावांना खिडकी मिळाली आणि डोळा लागला. व्यंकटीच्या मांडीवर बाजाराचं गाठोडं होतं, म्हणून बंदूक आश्रुबाकडे आली. पिंगळीला गाडी थांबली तेव्हा झरीकडचे दोन म्हातारे पाव्हणे डब्यात चढले, आश्रुबाच्या मांडीवरचे ते दोन घोडे पाहून दबकले आणि लांब उभे राहिले.

"बसा की," आश्रुबा म्हणाला.

"न्हाई जी, ऱ्हाऊ द्या. तुमी राखणदार का?"

आश्रुबाने व्यंकटीकडे पाहिलं. व्यंकटी खिडकीबाहेर बघत होता.

"व्हय," आश्रुबा म्हणाला. "डुकरं लय झाल्यात आमच्याकडं."

म्हाताऱ्यांनी मान डोलावली. त्यातल्या एकाने तंबाखूची चिमूट पुढे केली आणि 'राखणदार, घ्या' म्हणाला. गंगाखेड येईपर्यंत आश्रुबा तसाच ताठ बसून होता. फडक्यातली भाकरी त्याने सोडलीच नाही.

स्टेशनावरून बैलगाडीने गावात पोचेपर्यंत दिवस मावळला. वेशीपाशी दत्तराव गाडीतून उतरले, "मागनं घिऊन या रे," म्हणाले आणि वाड्याकडे गेले. बैल सोडायला म्हणून गाडी आश्रुबाच्या घरावरून पुढे निघाली आणि तिथे केशरबाई दारातच उभी होती. नवं नव्हतं, पण धुतलेलं लुगडं नेसली होती. हातात ताट, ताटात दिवा, हळदकुंकू. शेजारच्या दोघी बाया तिच्या मागे होत्या.

"थांबा की वो. आदी ओवाळू द्या," ती म्हणाली.

आश्रुबा खाली उतरला. बंदूक त्याच्या खांद्याला होती. तिने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, मग बंदुकीच्या दस्त्याला लावलं, आणि दिवा नळ्यांवरून फिरवताना तिचा हात थांबला.

"हे दोन कान कशाचे?"

"घोडे म्हंत्यात त्येंला," आश्रुबा म्हणाला.

"ते कशापायी?"

"चढवाया लागत्यात. बाराच्या आदी."

"कशानं चढवत्यात?"

आश्रुबाने उजवा हात घोंगड्याखाली सारला. मागच्या बाया बघत होत्या. शेवटी व्यंकटीच खाली मान घालून म्हणाला, "आंगठ्यानं, वैनी."

केशरबाई क्षणभर त्या घोड्यांकडे बघत राहिली. मालकाला जे तीन वर्षांत आठवलं नव्हतं ते तिला एका दमात उमगलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. ताट तसंच डाव्या हातावर धरून ती दोन पावलं पुढे झाली.

"हिकडं या, भावजी," ती म्हणाली आणि व्यंकटीच्या कपाळाला तिने कुंकू लावलं. त्यालाही ओवाळलं. मग आश्रुबाच्या खांद्यावरची बंदूक उतरवून आपल्या हाताने व्यंकटीच्या हातात दिली. "संबाळून ऱ्हावा. रातची थंडी आसती माळ्यावर."

व्यंकटी गाडी हाकून गेला. बायाही एकेक करून सटकल्या.

घरात पुरणाचा वास सुटला होता. केशरबाईने दत्तरावांच्या घरून गूळ मागून आणला होता, राखणदाराच्या घरी पहिल्या दिवशी गोड हवं म्हणून. आश्रुबा भिंतीला टेकून बसला. तिने ताट वाढलं. पोळी आज तिने पुरती वाढायची ठरवली होती, आख्खी, दुमडून, वर तुपाची धार.

शिवाराकडून बार ऐकू आला. गावातली कुत्री भुंकायला लागली. थोड्या वेळाने दुसरा बार झाला. दत्तराव बंदूक उडवून बघत असावेत.

केशरबाईने ताट पुन्हा आपल्याकडे ओढलं, पोळीचे बारीक बारीक तुकडे केले आणि त्याच्यापुढे सरकवलं.

"जेवा," ती म्हणाली.