'ड' वर्गातली चौदा पत्रे

विषय : जुन्या संगणकात जागा मोकळी करताना नष्ट झालेल्या चौदा बोलक्या पत्रांबाबत.
संदर्भ : श्री. रुपचंद नाना, सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, रा. असोदा, यांचा अर्ज.

उपरोक्त विषयी मी, नानांच्या संगणकातली हार्ड डिस्क, बोलते आहे. माझे म्हणणे कोणी मागवलेले नाही. ज्याच्याविषयी प्रकरण असते त्याला सोडून सर्वांना विचारायचे, ही पद्धत जुनीच आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते माझ्या अंगावरच्या चिठ्ठीत लिहिले आहे. ती चिठ्ठी डब्याच्या आतल्या बाजूला असल्याने कोणी वाचलेली नाही. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते नाना निवृत्त झाले त्या वर्षी. बत्तीस वर्षे जळगावच्या एका कचेरीत कागद सांभाळलेल्या माणसाला घरी सांभाळायला काही उरले नाही, म्हणून त्यांनी संगणक आणला.

पहिल्याच आठवड्यात नानांनी माझे चार कप्पे पाडले. कचेरीच्या रेकॉर्ड रूममधली पद्धत : 'अ' वर्ग कायमचा, 'ब' तीस वर्षांचा, 'क' पाच वर्षांचा, आणि 'ड' एका वर्षाचा, मुदत संपली की नष्ट. 'अ' वर्गात सेवापुस्तकाच्या प्रती गेल्या आणि एका कारणे दाखवा नोटिशीला नानांनी दिलेले उत्तर गेले. ते उत्तर ते वर्षातून एकदा उघडून वाचत आणि समाधानाने बंद करत.

नानांची बायको तानुबाई माहेरची साक्रीकडची. तिची धाकटी बहीण दिवालीबाई तिकडेच डोंगराच्या अंगाला राहते. दोघींना लिहिता येत नव्हते आणि तिकडे तेव्हा फोनला रेंज नव्हती. मग नानांनी तानुबाईसमोर माइक धरला. ती बोलायची, नाना सीडी करायचे आणि साक्रीला जाणाऱ्या कुणाबरोबर एसटीने पाठवायचे. दिवालीबाईच्या मुलाकडे सीडी लावायचे यंत्र होते.

"दिवाली, तुना दाजी म्हणतस, या डबामा बोल," हे पहिल्या पत्राचे पहिले वाक्य. "डबाले कान शेतस का? तरी बोलस, ऐक."

पुढे म्हैस, शेजारची सून, तिच्या हातची कच्ची भाकरी, आणि तिकडे कधी येणे होईल ते सांगता येत नाही. अशी चौदा पत्रे झाली. मग तिकडे मोबाइल पोचला आणि पत्रे थांबली. नानांनी त्यांना जावक क्रमांक एक ते चौदा दिले आणि 'ड' वर्गात ठेवले. तेव्हा ते चूक नव्हते. बोलणारे माणूस स्वयंपाकघरातच होते. वर्षअखेरीला नष्ट करायचे काम मात्र राहून गेले, पुढेही दरवर्षी राहत गेले. दिरंगाईने काही गोष्टी वाचतात, हे मी अनुभवाने सांगते.

दोन वर्षांपूर्वी तानुबाई गेली. तेराव्यानंतर नाना माझ्यासमोर बसले, नोटिशीचे उत्तर उघडले आणि न वाचता बंद केले.

या उन्हाळ्यात सून सारिकाच्या भावाचे एरंडोलला लग्न झाले. लग्नाची फिल्म तिला माझ्यात ठेवायची होती आणि माझ्यात जागा नव्हती. जुने काढावे लागेल म्हटल्यावर नानांना कित्येक महिन्यांनी काम मिळाले. त्यांनी चष्मा पुसला. 'ड' वर्गाची मुदत कधीच संपली होती.

"नाना, एकदा उघडून तर बघा," सारिका म्हणाली.

"मुदत संपलेले कागद वाचत बसलो असतो, तर अजून नोकरीतच असतो."

अर्धवट काम त्यांना आवडत नाही, म्हणून त्यांनी कचरापेटीही रिकामी केली. सारिकाने त्या जागेत फिल्म ठेवली.

आठ दिवसांनी दिवालीबाईचा फोन आला. तिच्या डोळ्यांना आता दिसत नाही, त्यामुळे बहिणीचा फोटो असून उपयोग नाही. सीड्या तर तिच्या मुलाने फार पूर्वीच ज्वारीच्या शेतात पाखरे हाकायला टांगल्या होत्या.

"दाजी, बहिनना आवाज एकदाव ऐकाडा," ती म्हणाली. "मंग मी काहीच मांगाव नही."

नाना "बघतो" म्हणाले, आणि त्यांनी 'ड' वर्ग उघडला. सारिका चहा ठेवून गेली, साय धरल्यावर परत घेऊन गेली, तरी ते तिथेच होते. "'ड' वर्गाचा शेरा माझाच होता," एवढेच ते तिला म्हणाले.

जळगावला संगणक दुरुस्त करणाऱ्या चंदनने मला डब्यातून बाहेर काढले. पुसले म्हणजे नोंदवहीतले नाव खोडले, कागद जागेवर असतो, त्याच जागी दुसरा ठेवला तरच जातो, हे त्याने नानांना समजावले. मग विचारले, "नंतर यात काही भरलं होतं का, नाना?"

सारिकाने मान खाली घातली.

"मी भरलं," नाना म्हणाले.

चंदन म्हणाला, काय हवे ते लिहून द्या, पुण्याला पाठवून बघतो, सांगता येत नाही. नानांनी रीतसर अर्ज लिहिला : जावक क्रमांक एक ते चौदा 'ड' वर्गातून 'अ' वर्गात घेण्यास विनंती आहे. दुसऱ्या प्रतीवर त्यांनी पोच मागितली. चंदन हसला, पण सही केली.

मला ठाऊक आहे ते सांगते. नऊ पत्रे धड आहेत. दोन तुटक आहेत. तीन पत्रांवर वरातीचा बँड बसला आहे, ती आता कोणाच्याही हाती लागणार नाहीत. हे मला नानांना कळवता येत नाही. चालू केले की मी जुन्यावर नवे लिहू लागते, म्हणून मला चालू करून पाहायचा मोह कोणी करू नये, एवढीच विनंती.

सध्या मी चंदनच्या कपाटात, एका जुन्या प्रिंटरच्या बाजूला आहे. नाना दर सोमवारी असोद्याहून बसने येतात, काउंटरशी उभे राहून विचारतात आणि परत जातात. दिवालीबाईला त्यांनी काम चालू आहे असे सांगितले आहे. अर्जाला आज चार महिने अकरा दिवस झाले. तो प्रलंबित आहे.