मागे बघणारं पिल्लू

"मिस्त्री, हे एकच पिल्लू मागे का बघतंय?"

नव्या अधिकारी बाई देवळाच्या चौथऱ्याशी चक्क पालथ्या पडल्या होत्या. कोपरं मातीत, डोळ्याला भिंग. मिस्त्रींनी हातातली पट्टी उगीचच पुसली.

"बघत असेल कुणाला तरी," ते म्हणाले.

देऊळ सूर्याचं. सातशे वर्षांपूर्वी कुणा राजाच्या मनात आलं, की देवाला बसवायचं तर रथातच बसवावं. म्हणून अख्खं देऊळच रथ. माणसाहून उंच चाकं, पुढे सात घोडे, तीन भिंतींवर तीन सूर्य: सकाळचा टवटवीत, दुपारचा ताठ आणि संध्याकाळचा दमलेला. अन् या सगळ्या थाटाच्या तळाशी गजथर, म्हणजे वीतभर उंचीच्या हत्तींची रांग. हजारभर तरी असतील. कुणी झाड उपटतोय, कुणी पिल्लाला सोंडेने ढकलतोय, पण तोंड सगळ्यांचं पुढे. येणारे लोक चाकापाशी फोटो काढतात आणि चालते होतात. हत्तींसाठी वाकायला फुरसत आहे कुणाला?

मिस्त्रींचा जन्म मात्र वाकण्यातच गेला होता. एकतीस वर्षं ते इथले झिजलेले दगड बदलत होते. ऑफिसचे नियम दोनच. जुन्या नक्षीचा पुरावा असेल तरच नक्षी कोरायची, नाहीतर दगड कोरा ठेवायचा. आणि नव्या दगडाच्या कोपऱ्यात बसवल्याचं वर्ष घालायचं, म्हणजे नवं कोणतं आणि जुनं कोणतं ते पुढच्यांना कळतं. मिस्त्रींनी हे नियम एकदाच मोडले होते. दोन्ही, एकाच दगडावर.

बाई उठून गुडघे झटकू लागल्या. "या देवळावरच्या माझ्या पुस्तकात याला मी वेगळं पान देतेय. सगळी शिस्त मोडून त्या कारागिराने एकाच पिल्लाची मान वळवली. आणि डावा पाय बघा, आत वळलाय. असं दुसरं कुठेच नाही. तुम्ही इथले सगळ्यांत जुने. तुम्हाला काय वाटतं?"

मिस्त्रींना वाटलं, गप्प बसावं. पंधरा दिवसांनी तर रिटायर व्हायचंय. गप्प बसलं की पिल्लू आपोआप सातशे वर्षांचं होणार आणि कुणी त्याला हात लावणार नाही. बोललं की त्याच्यावर छिन्नी चालणार. पण ज्या माणसाने ही रांग कोरली, त्याच्या नावावर आपलं दुःख खपवायचं, हे त्यांच्या हातांना पटेना. त्या माणसाकडूनच तर ते सगळं शिकले होते.

"बाई, तो दगड माझा आहे."

"म्हणजे?"

"मी कोरलाय. जुना फुटून गेला होता, फोटो नव्हता. कोराच ठेवायचा होता. राहवलं नाही."

बाईंचा चेहरा उतरला. त्या पानावर त्यांची चार महिन्यांची मेहनत होती. त्या ऑफिसात गेल्या आणि दुपारी त्यांनी मिस्त्रींना बोलावून घेतलं.

"नियमाने तो तासून कोरा करायला हवा. पण मी शेरा लिहिते, राहू दे. तुम्ही फक्त त्यावर वर्ष घाला. उद्याच."

"त्यापेक्षा तासूनच टाकतो."

"अहो, मी त्याला वाचवतेय!"

"कळतंय मला," मिस्त्री म्हणाले आणि बाहेर आले.

घरी बायको त्यांच्या सदऱ्याला बटण लावत होती. इतकी वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते मिस्त्रींनी दहा वाक्यांत सांगून टाकलं. तिने दोरा दाताने तोडला.

"मी म्हटलं की देऊळ दाखवा, तर दगडच तर आहेत म्हणायचात."

मिस्त्री तुटलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिले.

"उद्या येते मी," ती म्हणाली.

सकाळी ऊन तिरपं पडलं होतं आणि हत्तींच्या पाठी एकेक करून उजळत होत्या. मिस्त्री चाकापाशीच थांबले. ती रांगेच्या कडेकडेने, वाकून बघत चालली. कुठे आहे ते तिने विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. एका ठिकाणी ती थांबली आणि खालीच बसली. पिल्लाच्या डाव्या पायावर तिने बोट ठेवलं.

"अशीच चालायची," ती म्हणाली. "चार पावलं टाकली की मागे बघायची, आपण येतोय की नाही ते."

मिस्त्री शेजारी येऊन टेकले. "पिल्लू झालं कोरून. पण ती गेली त्याच वर्षी दगड बसवला, ते वर्ष काही घालता येईना. आकडे घातले की ती गेलीच, असं वाटायचं."

"ती गेलीच आहे हो," बायको हळू म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज सरळ होता. "चार वर्षांची पोर. शाळेत नाव लागलं नाही, कुठल्या कागदावर आलं नाही. कुठेतरी काहीतरी लिहिलेलं असू दे तिचं. घाला."

मिस्त्रींनी सगळ्यांत बारीक छिन्नी काढली. पहिले तीन आकडे सवयीने उतरले. चौथ्याला हात अडला. तिने त्यांच्या मनगटाखाली आपला तळवा धरला. मग हातोडीचे ठोके सुरू झाले, आणि दगडाची भुकटी तिच्या तळव्यात पडत राहिली.

काम झाल्यावर ती उठली. भुकटी तिने झटकली नाही; मूठ मिटून ती फाटकाकडे निघाली. मिस्त्री हत्यारं पिशवीत भरत होते. चार पावलं गेल्यावर तिने मागे वळून पाहिलं.

ते येत होते.